बोटभर पिनेवरचा ताबा

सवारीची दुआ आपल्याकडे घराघरांत पाठ असते. स्कूटरला किक मारताना, एसटीत बसताना, गाडीची किल्ली फिरवताना ती आपोआप ओठांवर येते. अर्थ विचारला तर मात्र बरेच जण अडखळतात. तिचा आशय असा, की वाहन माणसाच्या ताब्यात दिलं गेलेलं आहे, ते त्याच्या स्वतःच्या जोरावर काबूत आलेलं नाही, आणि कुठलाही प्रवास अखेर मालिकाकडेच जातो. उंट-घोड्यांच्या काळापासून चालत आलेली ही दुआ आज आपण इंजिनच्या आवाजात म्हणतो.

जनावराचा ताबा लगामात असायचा. मोटारीचा कशात असतो? स्टेअरिंगमध्ये, असं कोणीही सांगेल. पण गाडीखाली आडवं होऊन वर पाहिलेल्या माणसाला विचारा. तो पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट दाखवेल. तिथे एका वाटीत बसलेली लोखंडी गोळी असते. गोळीला बोटाएवढी जाड पिन, पिनेवर एक नट, आणि तो नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली किरकोळ किमतीची स्प्लिट पिन. वर तुम्ही दोन्ही हातांनी स्टेअरिंग कितीही घट्ट धरा, तुमचा हुकूम चाकापर्यंत पोचतो तो या सांध्यातून. गॅरेजच्या भाषेत हा टाय रॉड एंड. दुआमधला ‘ताबा’ गाडीत नेमका कुठे राहतो, असं कोणी विचारलं तर मी याच सांध्याकडे बोट दाखवेन.

माझे अब्बा मिरजेत तीस वर्षं गॅरेजमध्ये होते. त्यामुळे हे सगळं मला पुस्तकाआधी हाताला लागलेल्या ग्रीसमधून कळलं. यंत्रणा तशी सोपी आहे. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका आडव्या दातेरी पट्टीवर बसतं, ती रॅक. स्टेअरिंग फिरलं की रॅक डावी-उजवीकडे सरकते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड असतो. त्याचा आतला सांधा रबराच्या घडीदार पिशवीत झाकलेला असतो आणि बाहेरचं टोक, म्हणजे टाय रॉड एंड, चाक पेलणाऱ्या नकलला जोडलेलं असतं. आजच्या बहुतेक लहान मोटारींची रचना अशीच आहे. जुन्या जीपमध्ये आणि ट्रकमध्ये रॅकऐवजी स्टेअरिंग बॉक्स असतो, सांधे जास्त असतात, पण प्रत्येक सांध्याचं काम तेच.

वळताना आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा थोडं जास्त वळावं लागतं, कारण त्याचा घेर लहान असतो. हे मोटार येण्याच्या कितीतरी आधी, बग्गीच्या काळात लोकांच्या लक्षात आलं होतं. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्या कारागिराने १८१७ साली त्यावर उपाय शोधला. लंडनमध्ये त्याचं पेटंट १८१८ साली रुडॉल्फ अकरमन यांनी घेतलं आणि जगभरच्या पुस्तकांत ती रचना अकरमनच्याच नावाने राहिली. हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, यात गॅरेजमध्ये काम केलेल्या कोणालाच आश्चर्य वाटणार नाही.

हे सगळं लिहायचं कारण माझ्या मामेभावाची जुनी मारुती ओम्नी. तो तीत शाळेची मुलं ने-आण करतो. मिरजेच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे रस्ते, त्यात उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेले. गाडी खड्ड्यात गेली की डावीकडून खटखट आवाज यायचा, सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग थोडं इकडेतिकडे फिरायचं, आणि डाव्या पुढच्या टायरची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजली होती. एका वर्कशॉपमध्ये त्याला सांगण्यात आलं, की पूर्ण रॅक बदलावी लागेल. आकडा ऐकून तो थेट माझ्याकडे आला. “भाईजान, इतने पैसे में तो मेरा दो महिने का डिझेल... आपलं, गॅस निघतो.”

अब्बांची एक शिकवण होती : पहले हात को पूछो, फिर कान को पूछो, दुकान को आखिर में पूछो. पार्ट बदलण्याआधी बिघाड शोधायचा. त्यासाठी दोन तपासण्या पुरतात, आणि त्या कोणालाही घरी करता येतात.

पहिली तपासणी चाकं जमिनीवर असताना. एकाने स्टेअरिंगवर बसून ते डावी-उजवीकडे थोडं-थोडं, झटक्याने हलवायचं. दुसऱ्याने चाकाच्या मागे हात घालून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. आवाज कुठून येतो हे कानाला फसवू शकतं. बोटाला सहसा फसवत नाही. सांधा सैल असेल तर दोन भाग एकमेकांच्या मागेपुढे हलताना बोटाला टिचकी मारल्यासारखं जाणवतं.

दुसरी तपासणी चाक उचलून. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी चाक धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर संशय टाय रॉडच्या सांध्यांवर किंवा रॅकवर. बारा आणि सहाच्या जागी धरून खेळ जाणवला, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर किंवा खालच्या बॉल जॉइंटवर. दोन्हीकडे जाणवला तर आधी बेअरिंग पाहावं.

व्हॅनच्या बाबतीत निकाल पहिल्याच तपासणीत लागला. रॅक घट्ट होती, आतले सांधे घट्ट होते, बेअरिंग शांत होतं. डाव्या टाय रॉड एंडचं रबरी बूट फाटलेलं होतं, आतलं ग्रीस धुऊन गेलं होतं आणि त्याच्या जागी माती भरली होती. अशा सांध्याचं मरण बहुधा असंच येतं. आधी काही पैशांचं रबर फाटतं, मग पाणी आणि धूळ आत शिरते, आणि कठीण पोलादाची गोळी काही महिन्यांत आपल्याच वाटीत खेळायला लागते. शेवटच्या टप्प्यात ती वाटीतून निसटूही शकते. मग ते चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही, त्याला वाटेल तिकडे वळतं.

आता प्रश्न होता पार्ट कोणता घ्यायचा. खरं तर या लेखाचा जीव याच प्रश्नात आहे.

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर तीन खोके आले. एक गाडीच्या कंपनीच्या नावाचं. दुसरं अशा पार्ट-उत्पादकाचं, जो मोटार कंपन्यांनाही माल पुरवतो आणि बाजारातही स्वतःच्या नावाने विकतो. चेन्नईच्या राणे समूहासारख्या कंपन्या कित्येक दशकं स्टेअरिंगचे सांधे बनवत आहेत. तिसरं खोकं बिननावाचं, दुकानदाराच्या भाषेत ‘लोकल’. पहिल्या आणि तिसऱ्या खोक्यात काहीशे रुपयांचा फरक. मामेभावाचा हात तिसऱ्याकडे गेला. “दिसायला तर सेमच आहे, भाईजान. आणि वर मालिक बसलाय ना.”

दिसायला सारखंच असतं, हीच तर अडचण. टाय रॉड एंडमध्ये जे महत्त्वाचं आहे ते बाहेरून दिसत नाही. पोलाद कोणतं, पिन किती खोलपर्यंत कडक केलेली आहे, वाटीतलं अस्तर कशाचं आहे, रबर उन्हात आणि चिखलात किती वर्षं टिकेल, यातलं काहीही काउंटरवर उभं राहून कळत नाही. तरी काही गोष्टी हाताला कळतात. चांगल्या नव्या सांध्याची पिन बोटांनी हलवली तर जडपणे, एकसारख्या विरोधाने फिरते. ती सैल डुलत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर खोकं परत करावं. पिनेचा निमुळता भाग गुळगुळीत हवा, आटे स्वच्छ हवेत, बूट सगळीकडून नीट बसलेलं हवं, आणि नटाबरोबर नवी स्प्लिट पिन असावी. खोक्यावर पार्ट नंबर, उत्पादनाचा महिना, एमआरपी आणि उत्पादकाचा पत्ता नीट वाचता यायला हवा. नामांकित कंपन्यांची नक्कल करणारी खोकीही बाजारात फिरतात. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, नंबर चिकटवलेला, असं काही दिसलं की थांबावं. मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नसेल तर चॅसिस नंबर द्यावा. एकाच नावाच्या गाडीत साधं स्टेअरिंग आणि पॉवर स्टेअरिंग यांचे पार्ट वेगळे असू शकतात.

आणि पक्कं बिल मागावं. बिल द्यायला जो दुकानदार कां-कूं करतो, त्याच्याकडून फार तर सीट कव्हर घ्यावं.

पण मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर तांत्रिक नव्हतं. तो म्हणत होता तो तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरचा भरवसा. आपल्या समाजात हा शब्द फार सैल वापरला जातो. फाटलेला टायर, उघडी वायर, मुदत संपलेला गॅस सिलिंडर, सगळ्यांवर ‘अल्लाह मालिक है’ हे एकच पॅचवर्क. खरं तर उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपण सगळेच लहानपणी ऐकतो.

त्यापुढे एक पायरी आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. इस्लाममध्ये माणसावरच्या कर्तव्यांचे दोन भाग मानले जातात. एक हुकूकुल्लाह, अल्लाहचे हक्क. दुसरा हुकूकुल इबाद, माणसांचे एकमेकांवरचे हक्क. पहिल्यातली कसूर अल्लाह माफ करू शकतो. दुसऱ्यातली कसूर ज्याचा हक्क मारला गेला त्याने माफ करावी लागते. हे उलेमा जुम्म्याच्या बयानात सांगतात तेव्हा आपल्यासमोर उसनवारी, वारसा, शेजाऱ्याची भिंत अशी चित्रं येतात. टाय रॉड एंड येत नाही. पण हिशेब करून पाहा. गाडीत स्वस्त म्युझिक सिस्टिम बसवली तर नुकसान तुमच्या कानाचं. स्टेअरिंगचा स्वस्त सांधा बसवला तर वाचलेले काहीशे रुपये तुमचे, आणि धोका मागच्या सीटवरच्या दप्तरवाल्या मुलांचा, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा, रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईचा. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. त्यांचा हक्क त्यांच्या नकळत खर्च होत असतो. रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हीसुद्धा ईमानची एक शाखा आहे, अशी हदीस आहे. आपण तिचा अर्थ काटा किंवा दगड एवढाच घेतो. खिळखिळ्या सांध्याची गाडी हा तर चालता-फिरता दगड.

मी मामेभावाला एवढंच विचारलं, की त्या मुलांपैकी एकीचे आई-बाप आत्ता इथे उभे असते तर तू कोणतं खोकं उचललं असतंस? त्याने दुसरं उचललं.

बदलण्याचं काम रविवारी अंगणात झालं. ते घरी करता येतं, पण क्रम सोडायचा नाही. हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यायचे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी घोडी लावायची. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्याला अब्बा सरळ घरी पाठवायचे.

चाक काढल्यावर आधी टाय रॉडवरचा लॉक नट सैल करायचा, पण जागेवरून फार हलवायचा नाही. त्याची जागा ही जुन्या लांबीची खूण असते. त्यावर रंगाची रेघ मारली तर उत्तम. मग जुनी स्प्लिट पिन सरळ करून ओढायची. आमच्या व्हॅनमध्ये तिच्या जागी वळवलेली बांधकामाची तार निघाली. कोणी घातली, कधी घातली, देव जाणे. त्या तारेवर ही गाडी किती दिवस मुलं वाहत होती, हे मामेभाऊ बराच वेळ तार हातात धरून मोजत बसला होता.

नट शेवटच्या दोन-तीन आट्यांपर्यंत सैल करून तसाच ठेवायचा, म्हणजे सांधा सुटताना उडत नाही. निमुळती पिन नकलच्या भोकात घट्ट रुतलेली असते. पुलर असेल तर तो लावावा. नसेल तर गॅरेजची जुनी रीत : नकलच्या कानाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोडीचा टणक ठोका द्यायचा. ठोका नकलला, पिनेच्या आट्यांवर कधीही नाही. दोन-चार ठोक्यांत पिन टक्‌ करून सुटते.

मग जुना सांधा फिरवून काढताना फेरे मोजायचे, मोठ्याने. मामेभावाचा मुलगा मोजत होता, त्याला त्यात मजा वाटत होती. जुना आणि नवा सांधा शेजारी ठेवून लांबी, आट्यांची जाडी, पिनेचा निमुळतेपणा ताडून पाहायचा. नवा तेवढेच फेरे फिरवून बसवायचा. पिन आणि भोक कोरडं, स्वच्छ पुसायचं. तिथे ग्रीस लावायचं नाही, कारण ती पकड कोरड्या घर्षणाची आहे. नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने, टॉर्क पान्याने आवळायचा. स्प्लिट पिनेचं भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळायचा, मागे फिरवायचा नाही. मग नवी स्प्लिट पिन घालून तिचे पाय दोन्हीकडे वळवायचे. शेवटी लॉक नट घट्ट. चाक बसवण्याआधी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे काही घासत नाही ना, ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, ते पाहायचं.

घरचं काम इथे संपतं. टाय रॉडच्या आट्याचा एक फेरा म्हणजे साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर लांबी, आणि एवढ्याशा फरकाने चाकांची दिशा बदलते. फेरे कितीही नीट मोजले तरी गाडी हळू चालवत व्हील अलाइनमेंटला नेलीच पाहिजे. काही कामं घरी करूच नयेत : एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टेअरिंग उघडणं, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची मोटर, रॅकच्या आतली दुरुस्ती. आणि दोन गोष्टी कुठेही, कोणाकडूनही करून घेऊ नयेत. वाकलेला टाय रॉड गॅस मारून सरळ करणं, आणि स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग. तापवलेल्या पोलादाचा कडकपणा बिघडतो आणि तो बिघाड वरून दिसत नाही. भंगार बाजारातून दरवाजा आणा, बंपर आणा, आरसा आणा. स्टेअरिंगचा सांधा तिथून आणू नका. त्या गाडीचा अपघात कसा झाला होता हे तो पार्ट सांगत नाही.

आता थोडं त्या हातांबद्दल, ज्यांनी हे मला शिकवलं. गेली काही वर्षं ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्याला हिणवण्यासाठी वापरला जातो. मोबाइलवर तो रोज दिसतो. मिरजेत राहणाऱ्याला यातली गंमत जास्त कळते. इथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारांना धार लावणारे. तलवारीचं काम संपत आलं तेव्हा त्याच हातांनी भोपळा आणि लाकूड उचललं आणि सतार-तानपुरे घडवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या गावाला अभिमान वाटला. वाटायलाच हवा. त्याच गावात, त्याच समाजाची, तशीच हातात अक्कल असलेली पोरं गाडीखाली आडवी असतात, आणि त्यांच्या कामाला शिवी बनवलं जातं.

या शिवीला उत्तर काय? भाषणं झाली, कविता झाल्या. मला वाटतं उत्तराचा निम्मा भाग गॅरेजमध्येच आहे. कुरआनमध्ये हजरत दाऊदची गोष्ट येते. त्यांच्यासाठी लोखंड मऊ केलं गेलं आणि त्यांना चिलखत बनवायला सांगितलं गेलं. तेही कड्यांचं माप नीट राखून. पैगंबराच्या हाताला लोखंड दिलं, आणि त्याबरोबर मापाची ताकीदही दिली. चिलखत कोणाचा तरी जीव वाचवण्यासाठी असतं, त्यातलं एक कडं सैल राहिलं तर बाकीची सगळी वाया. आपल्या कारागिरीची इज्जत आपण जगाकडून मागतो तेव्हा या ताकिदीचा हिशेबही द्यावा लागेल. स्प्लिट पिनेच्या जागी तार घालणारा हात आपल्यापैकीच कोणाचा तरी असू शकतो. ‘लोकल’ खोकं ओरिजिनलच्या भावात खपवणाराही. गिऱ्हाइकाने घासाघीस केली म्हणून, वेळ नव्हता म्हणून, उस्तादने असंच शिकवलं म्हणून. कारणं खरी असतात. बाराव्या वर्षी शाळा सोडून गॅरेजला लागलेल्या पोराला टॉर्क पाना कोणी दाखवलेलाच नसतो. म्हणून जमातीच्या पैशातून निघणाऱ्या शिष्यवृत्त्यांत डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांबरोबर आयटीआयला जाणाऱ्या पोरांनाही जागा असावी, असं मला फार वाटतं. हातात जे आहे त्याला माप मिळालं तर त्या हाताला कोणी शिवी देऊ शकणार नाही.

आणि गॅरेजवाल्यापेक्षा आधी हे आपल्यावर, गाडी वापरणाऱ्यांवर आहे. जुन्या व्यावसायिक गाडीला वर्षातून एकदा फिटनेसचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खड्डे मात्र रोजचे असतात. महिन्यातून एकदा, गाडी धुताना, पुढच्या चाकांच्या मागे वाकून पाहा. रबरी बूट फाटलेलं आहे का, नटातून स्प्लिट पिन आरपार गेलेली दिसते का, घरातल्या कोणाला स्टेअरिंग हलवायला सांगून बोटाला टिचकी लागते का. पाच मिनिटांचं काम आहे. काही सापडलं तर मिस्त्रीकडे जा आणि त्याला घासाघीस न करता चांगला पार्ट घालायला सांगा. जुना पार्ट परत मागून घ्या. बिल घ्या. मजुरी पूर्ण द्या.

मग बिस्मिल्ला म्हणा आणि किल्ली फिरवा.